नमुन्याचा कान

सेठनं माझा कान दोन बोटाईत धरला. अंगठा अन् त्याच्या बाजूचं बोट. पुढं वाकवला. मागं दाबला. सोडून देला. कान होता तसा पुन्हा बाहेर येऊन उभा राह्यला, अन् ओसरीवर बसलेले पाहुणे हासले.

"पाहा डॉक्टरसाहेब," सेठ म्हणे, "आमच्या कमलसारखाच हाय का नाही? उलट जास्तच. पह्यले हिच्यावर करून दाखवा."

मी खाली पाहून उभी. मले सेठच्या जिनातून, म्हणजे सरकी काढाच्या कारखान्यातून, हाक मारून आणलं होतं. जिनात आमी बाया कापूस निवडत होतो, पत्ती अन् कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचून बाजूले टाकाचं काम. रुई नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडाले-डोक्याले फडकं बांधाव लागे. ओसरीच्या पायरीवर मुकादम म्हणे, "फडकं सोड." मी सोडलं. अंगावर घागरा होता, काचळी होती, ओढणी होती. तरी मले वाटलं का मी सगळ्याईसमोर उघडी पडली. पायाच्या अंगठ्यानं मी पायरीवरची माती उकरत राह्यली, अन् वर पाह्यलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असन तवाची गोष्ट. मी पंधरा-सोळा वर्षाची. आमचा तांडा दिग्रसपासून पायी जाण्याएवढा. माझा आजा बैलाईच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरे. बा एका जागी बसला. थोडं वावर, एक बंडी, दोन बैल. घरात आमी गोरबोली, आमची बंजाऱ्याईची बोली, बोलत होतो. मराठी मी जिनातल्या बायाईत शिकली, म्हणून ती अशी हाय. आता या वयात मी तिले सुधरवत बसत नाही.

माझे कान जल्माचेच तसे. याडी, म्हणजे माझी माय, सांगे का तिनं तान्हेपणी फडक्यानं माझं डोकं आवळून बांधून पाह्यलं, पण कान काही बसले नाही. शाळेत थोडे दिवस गेली. बाकीच्या पोट्ट्याईले माराले मास्तरले छडी लागे, मले नाही लागे. तो कानाले धरून मले उभी करे अन् म्हणे, "देवानं हिले मूठ लावूनच पाठवली." वर्ग हासे. मंग शाळा सुटली ती सुटलीच. जिनात आली तं मुकादमानं नाव ठेवलं सुपडी. धान पाखडाचं सूप असते, त्याच्यावरून. तठी मले माझ्या नावानं कोणी हाक मारली असन तं मले आठवत नाही. गणपतीचे कान सुपाएवढे, त्याच्यापुढं नारळ फोडते. तेच कान तांड्यातल्या पोट्टीले असले का लोकाईले हासाले येते. वा रे न्याव!

पण तवा मले राग नाही ये. लाज ये. विहिरीवर गेली का पाण्यात पाहाची नाही मी. पोहरा टाकून पाणी हालवून देत होती.

कमलताई म्हणजे सेठची एकुलती एक पोरगी. माझ्याहून थोडी मोठी. तिचेही कान माझ्यावाणीच. पण तिले कोणी सुपडी म्हटलं का? कोणाची हिंमत होती? तिच्या कानावर केस, केसावर फुलं, फुलावर पदर. पण स्थळ आलं का पाह्याले आलेल्या बाया पदर सारून पाहत, अन् मंग गावाले गेल्यावर निरोपच येत नव्हता. सेठाणीचा भाऊ डॉक्टर. विलायतेतून शिकून आलता अन् यवतमाळले त्यानं दवाखाना टाकला होता. तो म्हणे का कान मागून कापून, शिवून, डोक्याजवळ बसवता येते. सेठले पटलं. सेठाणी भेली. "माझ्या पोरीवर पह्यला हात नाही चालवू देणार," ती म्हणे. म्हणून मले बलावलं.

आता एक रीत सांगते, नाही तं पुढचं समजणार नाही. दिग्रसच्या बाजारात कापसाच्या बंड्या रांगेनं उभ्या राह्यते. सेठ, नाही तं सेठचा माणूस येते. बंडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालते अन् मूठभर कापूस ओढते. दोन्ही अंगठ्याईत धरून धागा ताणून पाह्यते. मंग भाव बोलते. अन् तो मूठभर कापूस? तो बंडीत परत टाकत नाही. आपल्या माणसाच्या पोत्यात टाकते. भाव पटो का न पटो. हा गेला का दुसरा येते, तोही मूठ ओढते. कास्तकार बैलाची दोरी धरून पाहत राह्यते. लहानपणी मी बाले विचारलं होतं, "त्याईनं पाहून घेतलं, मंग परत काहून नाही टाकत?" बा म्हणे, "नमुना परत येत नसते, बाई. रीतच हाय तशी." बाच्या बोलण्यात राग नव्हता. ऊन तापते, तसा नमुना जाते, असं तो बोलला.

सेठनं बाले बलावलं. "पोरीचं भलं होऊन राह्यलं, खर्च सारा माझा," असं म्हणे. बा हात जोडून घरी आला. याडी पेटली.

"कान चोराचे कापते," ती म्हणे. "माया पोरीनं कोणाचं काय चोरलं? अन् आपल्या बायाईचे कान पाह्यते कोण? लगीन झालं का टोपली येते. टोपलीखाली सब कान सारखे."

आमच्यात लग्न झालेल्या बाईच्या केसाले दोन्ही बाजूनं चांदीची टोपली लटकते, बरोबर कानावर. याडीच्या हिशोबानं दोन-चार वर्षं दम धरला का माझ्या कानाचा प्रश्नच मिटत होता.

बा एवढंच म्हणे, "सेठले नाही कसं म्हणाव?"

मले कोणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तं मी उडी मारून हो म्हटलं असतं. रातभर मी कान हातानं दाबून झोपली होती, आपण कसे दिसू ते मनात पाहत. हे सांगतांनी आजही मान खाली जाते. त्याईनं मले ओढून नाही नेलं. मी हासत हासत एसटीत बसली.

यवतमाळच्या त्या दवाखान्यात मुकादमाची बायको माझ्यासंग आलती. डॉक्टर गोड बोलणारा. "घाबरू नकोस हं. आज डावा कान करू. तो बरा झाला, की मग उजवा." मी म्हटलं, "हो साहेब." दोन्ही संगंच काहून नाही, हे विचाराचं मले सुचलंच नाही. कानाच्या मागं सुई टोचली, कान बधिर झाला. पण बधिर कानाले ऐकू येते ना! कैची चालली का आवाज डोक्याच्या आतून ये. कोरडं जाड कापड फाडल्यावाणी. मी दात आवळून पडली अन् मनात म्हणत राह्यली, होऊ दे, होऊ दे, आता मले सुपडी कोणी म्हणणार नाही.

डोक्याले पट्टी बांधून जिनात आली तं निवडणाऱ्या बायाईतली एक म्हणे, "काय वं, कायची चोरी केली?" दुसरी म्हणे, "तांड्यातली हाय ते. तिले इचारते काय?" साऱ्या हासल्या. मीही हासली. त्याईच्यासंग. आपल्या आज्या-पणज्याईवर लागलेल्या चोरीच्या डागावर मी हासली, काहून का मले वाटे पट्टी निघू द्या, मंग दाखवते एकेकीले.

पट्टी सेठच्या घरीच सोडली. डॉक्टर आला होता, सेठ, सेठाणी, कमलताई, सारे होते. कमलताईच्या खोलीतला आरसा आणला. मी डावीकडून पाह्यलं. काय सांगू! कान डोक्याले लागून असा बसला होता, का जसा कधी बाहेर आलाच नव्हता. माझ्या डोळ्याले धार लागली. मी डॉक्टरच्या पाया पडली. सेठच्या पडली. सेठाणीच्या पडली. कमलताईच्याही पडली, तिनं तं काहीच केलं नव्हतं. तिनं पाय मागं घेतले, एवढं आठवते.

सेठनं माझी हनुवटी धरून तोंड इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. डावा पाह्यला, उजवा पाह्यला, पुन्हा डावा. मंग मेव्हण्याले म्हणे, "पटलं."

मी विचारलं, "साहेब, दुसरा कधी?"

डॉक्टर हात धुत होता. "बघू या," तो म्हणे.

त्याच महिन्यात कमलताईचे दोन्ही कान झाले. संगंच झाले, एका दिवशी, गुंगीचं औषध देऊन. मी वाट पाहत राह्यली. मुकादमाले विचारलं, तो म्हणे सेठले विचार. सेठले विचाराची माझी काय बिशाद! शेवटी हिय्या करून सेठाणीकडं गेली. ती पापड वाळू घालत होती.

"बाई, माझा दुसरा कान राह्यला."

"अवं, तुले काय घाई हाय? तुले कोण पाह्याले येऊन राह्यलं?"

मी उंबऱ्याबाहेर उभी होती, तशीच मागच्या पावलानं निघाली.

आधी माझे दोन कान वाईट होते. आता एक चांगला झाला, अन् त्याच्यापायी दुसरा आणखीनच वाईट झाला. जिनात नवा माणूस आला का मुकादम मले हाक मारे, "सुपडे, इकडून दाव. आता तिकडून दाव." मंग म्हणे, "इकडून बाई, तिकडून बकरी." मी फिरून दावत होती. होय, दावत होती. रस्त्यानं चालतांनी उजवी बाजू भिंतीकडं ठेवाची मले सवय लागली. भिंत नसली तं ओढणी ओढून दातात धराची. तांड्यात कोणी बोललं का तोंड अर्धंच फिरवाची. याडी म्हणे, "मान मोडली का तुयी?"

पुसदकडच्या तांड्यातून एक स्थळ आलं. पोराच्या मायनं उजेडात मले पाह्यलं, डावीकडून, उजवीकडून. आपल्या बोलीत याडीले विचारलं, "एकच कान कापला? काय गुन्हा केला व्हता पोरीनं?" याडीनं जीव तोडून सांगितलं. दवाखाना, डॉक्टर, सेठ. त्या बाईले खरं वाटेना. कोणता सेठ तांड्यातल्या पोरीच्या कानावर पैसा टाकते, अन् टाकते तं अर्ध्यावर सोडते? तिचंही काय चुकलं? ते लोक पाणी पिऊन उठून गेले. याडी चुलीपाशी रडत बसली. मी तिच्याजवळ गेली तं तिनं माझ्या उजव्या कानावर हात ठेवला अन् म्हणे, "मत रो, छोरी." रडत तं ती होती.

एवढं होऊनही मी डॉक्टरवर रागावली नाही, सेठवर रागावली नाही. मले वाटे, मोठे लोक हाय, विसरून गेले असन. आठवण झाली का करतीन. असं मन असते गरिबाचं. दुसऱ्याच्या विसरण्यालेही आपणच पांघरूण घालते.

मंग कमलताईचं लग्न जमलं. चांगलं तालेवार घर. लग्नाच्या आधी पोराकडच्या बाया आल्या, साड्या-दागिन्याचं पाह्याले. त्याईच्या कानावर कुठून तरी गेलं होतं का पोरीचे कान कापून बसवलेले हाय. त्याईले भेव का चार दिवसानं कान पुन्हा बाहेर आले तं? टाके सडले तं? सेठाणीनं लगेच माणूस जिनात धाडला. "सुपडीले बलाव."

मले वाटलं, आली आठवण. लग्नघर हाय, सेठ खुशीत असन, डॉक्टरही आला हाय. आज माझ्या दुसऱ्या कानाचं निघते. मी धावत गेली. पायरीवर फडकं मी आपल्याच हातानं सोडलं, कोणी सांगाच्या आधी.

सतरंजीवर बाया बसल्या होत्या. मधात कमलताई, कानात नवे झुमके. सेठाणी म्हणे, "हे पाहा. हिचा आमच्या कमलच्या आधी केला. वरीस होत आलं. हाल्ला का जागचा?"

एक जाडी बाई उठली. पोराची मावशी का काकी. तिनं माझा डावा कान धरला. अंगठा अन् बाजूचं बोट. पुढं वाकवला, मागची खूण पाह्यली, ताणून पाह्यला. सोडला. कान डोक्याले जाऊन बसला. "पक्का हाय," ती म्हणे. मंग तिचं ध्यान उजवीकडं गेलं. "अन् हा वं? हा काहून नाही केला?"

सेठाणी हासली.

"तो मुद्दाम ठेवला. आधी कसा व्हता ते समजाव ना. फरक दिसाले पाह्यजे."

मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. ती खोटं बोलून राह्यली का, सावरून घेऊन राह्यली का, मी शोधत होती. तसं काहीच नव्हतं. बाजारभाव सांगावा तसं तिनं सांगितलं. म्हणजे कोणी विसरलं नव्हतं. वर्षभर मी भिंतीच्या कडेनं चालली, दातात ओढणी धरली, माझं स्थळ उठून गेलं, याडी रडली, ते कोणाच्या विसरण्यानं नाही. फरक दिसाले पाह्यजे म्हणून. अन् मले बाची बंडी दिसली. बंडीच्या पोटात गेलेला कोपरापर्यंतचा हात दिसला. मूठभर कापूस ओढून घेतलेला दिसला. मी मूठभर होती. मी एकटीच समजत होती का माझं भलं होऊन राह्यलं.

त्या बाईनं उजवा कान धराले हात पुढं केला. मी तिचं मनगट धरलं.

"हात नका लावू."

मुकादम दारातून ओरडला, "सुपडे!" मी हात सोडला नाही. त्या बाईच्या बांगड्या माझ्या मुठीत होत्या. थोड्या वेळानं मीच सोडला. त्या बाईनं मनगट चोळलं.

सेठाणी भानावर आली. पाहुण्याईसमोर शोभा नको, म्हणून आवाज मऊ करून भावाले म्हणे, "दादा, हिचा दुसराही करून टाका बाप्पा. उद्याच घेऊन जा."

डॉक्टर खुर्चीवर चहा पीत होता. "हो, त्यात काय? फार वेळ लागत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाचं काम! एवढंसं काम होतं, अन् ते त्याईनं केलं नाही.

अन् आता सांगते ते कोणाले पटणार नाही. त्याही घडीले माझ्या मनातली एक पोट्टी म्हणत होती, हो म्हण. हो म्हण वं. आरशात दोन्हीकडून सारखी दिसशीन. स्थळ येईन. भिंत सुटन. ती पोट्टी माझा घागरा धरून ओढत होती. तिची मले लाज वाटली, अन् कीवही आली.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"हा कान राहू द्या. फरक दिसाले तुमी ठेवला ना? आता मी ठेवते."

मी फडकं उचललं. डोक्याले बांधलं नाही. हातात धरून पायऱ्या उतरली. जातांनी कमलताईकडं पाह्यलं. तिनं दोन्ही हातानं आपले झुमके झाकून घेतले होते. तिनं बोलाले पाह्यजे होतं.

दुसऱ्या दिवशी जिनाच्या फाटकातून मले आत घेतलं नाही. बाच्या बंडीले सेठच्या कापसाच्या गठाणी वाहाचं काम मिळत होतं, तेही बंद झालं. बा मले बोलला, "तुये पाय धरतो, माफी माग." मी नाही गेली. बा कितीक दिवस माझ्याशी बोलला नाही. याडीनं मातर त्या रातीपासून माझे केस विंचरतांनी दोन्ही कानाच्या मागं घट्ट बांधाचा नेम धरला. मी म्हटलं, "याडी, दिसते ना." ती म्हणे, "दिसू दे."

त्या दिवाळीनंतर आमच्या वावरातला कापूस निघाला. बंडी भरून बाजारात नेली. बासंग मी गेली. केस मागं बांधलेले, डोक्यावर ओढणी नाही, दोन्ही कान उन्हात. रांगेत उभे राह्यलो. सेठचा माणूस आला. मले पाहून हासला, बंडीत हात घातला, मूठ ओढली, धागा ताणला.

"माल बरा हाय," बाले म्हणे. मूठ तशीच घेऊन तो पोत्याकडं वळला.

मी बंडीवरून उतरून त्याच्या आडवी झाली. हात पसरला.

"पाहून झालं? टाका परत."

"येडी झाली का? रीत हाय."

"तुमची असन."

"जाऊ दे, बाई," बा मागून म्हणे. "मूठभर तं हाय."

बाजूच्या बंड्यावरचे कास्तकार पाहून राह्यले होते. माझा हात पसरलेला. तोंड लाजेनं तापलं होतं, हे लपवत नाही. बाजारात, माणसाईत, तांड्यातली पोट्टी हात पसरून उभी. भीक मागल्यावाणी दिसत असन. पण मी हात खाली नाही घेतला. त्यानं चिडून मूठ माझ्या हातावर आपटली, शिवी हासडली अन् पुढच्या बंडीवर गेला. तठी त्यानं मूठ ओढली अन् पोत्यात टाकली. त्या बंडीवाल्यानं काही म्हटलं नाही.

मी तो कापूस बंडीत परत टाकला. बानं माझ्याकडं पाह्यलं नाही, बैलाकडं पाह्यलं. त्या दिवशी आमचा कापूस सेठनं घेतला नाही. आमी तो दूर महागावच्या बाजाराले नेला, कमी भावात विकला. तठीही एकानं मूठ ओढली. तठीही मी हात पसरला.

मंग माझं लग्न झालं, टोपली आली. ती मी कानाच्या मागं सारून घालते, सासू बोलली तरी. डाव्या कानामागं आजही बोट लावलं तं समजत नाही. बधिर हाय. तो कान मी त्याईले देऊन टाकला, त्याच्याशी माझं काही घेणं नाही. उजवा माझा हाय. जसा हाय तसा. त्याले हात लावाचा असन तं आधी मले विचाराव लागन. अन् मी नाही म्हणीन.